निवृत्त न्यायाधीश पुन्हा कोर्टात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

उच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती वयाच्या ६२व्या वर्षी निवृत्त होतात. फुल कोर्ट रेफरन्स (सगळ्या न्यायमूर्तींसमोरचा निरोप समारंभ) होतो, भाषणं होतात, चेंबरमधली पुस्तकं खोक्यांत भरली जातात. त्याच इमारतीत पंधरा-वीस वर्षांपूर्वीची फौजदारी अपिलं ‘अंतिम सुनावणी’चा शिक्का घेऊन कपाटात पडलेली असतात. मग पक्षकार विचारतात, ‘साहेब अजून धडधाकट आहेत, बसवा की त्यांना पुन्हा!’ बसवता येतं. कसं, किती काळासाठी, कोणत्या कामासाठी आणि हे इतकं कमी का घडलं, यावर आमच्याकडे सतत प्रश्न येतात. ते इथे एकत्र केले आहेत.

निवृत्त न्यायाधीशाला पुन्हा न्यायदानाचं काम करता येतं का?

हो, पण कोण कुठून निवृत्त झालं त्यावर वाट ठरते. उच्च न्यायालयाच्या निवृत्त न्यायमूर्तींसाठी संविधानाचा अनुच्छेद २२४-क आहे. बारमध्ये, म्हणजे वकीलवर्गात, त्याला सर्रास ‘दोनशे चोवीस ए’ म्हणतात. सर्वोच्च न्यायालयात निवृत्तांना बसवण्यासाठी अनुच्छेद १२८ आहे. जिल्हा व तालुका न्यायालयांतून निवृत्त झालेल्यांसाठी लोकअदालत, स्थायी लोकअदालत, मध्यस्थी आणि विशेष न्यायदंडाधिकारी असे मार्ग आहेत. आयोग, न्यायाधिकरणं आणि लवाद हा वेगळा संसार आहे. त्याची चर्चा आधीच भरपूर होते, म्हणून तो इथे बाजूला ठेवला आहे.

अनुच्छेद २२४-क नेमकं काय म्हणतो?

उच्च न्यायालयाचा मुख्य न्यायमूर्ती, राष्ट्रपतींची पूर्वसंमती घेऊन, त्या किंवा दुसऱ्या कोणत्याही उच्च न्यायालयाच्या माजी न्यायाधीशाला आपल्याकडे न्यायाधीश म्हणून बसण्याची विनंती करू शकतो. अनुच्छेदात शब्द ‘विनंती’ हाच आहे. नियमित न्यायाधीशाची नेमणूक राष्ट्रपती करतात. इथे मुख्य न्यायमूर्ती विनंती करतात आणि समोरच्याने हो म्हटलं तरच गाडी पुढे सरकते. संमतीशिवाय कोणालाही बसवता येणार नाही, हे अनुच्छेदातच लिहिलेलं आहे.

‘दुसऱ्या कोणत्याही उच्च न्यायालयाच्या’ हे शब्दही वाचायचे राहून जातात. गुजरात किंवा कर्नाटकातून निवृत्त झालेले न्यायमूर्ती मुंबईत बसू शकतात, आणि मुंबईतून निवृत्त झालेले तिकडे.

अशा न्यायाधीशाला त्या न्यायालयाच्या न्यायाधीशाची सगळी अधिकारिता, अधिकार आणि विशेषाधिकार मिळतात. मात्र इतर बाबतींत त्याला ‘त्या न्यायालयाचा न्यायाधीश’ मानलं जात नाही. म्हणूनच ६२ वर्षांची अट आड येत नाही आणि न्यायाधीशांच्या मंजूर संख्येतली जागाही अडत नाही.

ही तरतूद अलीकडची आहे का?

छे. १९५०च्या मूळ संविधानात अनुच्छेद २२४ होता तो याच विषयावर : निवृत्त न्यायाधीशांची उच्च न्यायालयातील उपस्थिती. १९५६च्या सातव्या घटनादुरुस्तीने तो काढून त्या जागी अतिरिक्त व कार्यकारी न्यायाधीशांची तरतूद आणली. सात वर्षांत पुन्हा गरज वाटली आणि १९६३च्या पंधराव्या घटनादुरुस्तीने २२४-क आला. उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशांचं निवृत्तीचं वय ६० वरून ६२ झालं तेही याच दुरुस्तीने.

मग इतक्या वर्षांत किती जणांना बसवलं?

२०२१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आधीची उदाहरणं मांडली तेव्हा ती तीन निघाली. १९७२मध्ये मध्य प्रदेश उच्च न्यायालयात न्या. सूरजभान, निवडणूक याचिकांसाठी. १९८२मध्ये मद्रास उच्च न्यायालयात न्या. पी. वेणुगोपाल. २००७मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयात न्या. ओ. पी. श्रीवास्तव, अयोध्येच्या जमीन मालकीच्या दाव्यांसाठी.

१९६३ ते २०२१ अशा ५८ वर्षांत तीन! यात दोन वेळा विशिष्ट, अडकलेलं काम समोर ठेवून माणूस बोलावला गेला, हे लक्षात घ्या. ‘एकूण प्रलंबित खटले कमी करायचे आहेत’ असं मोघम कारण ठेवलं की प्रस्ताव टेबलावरून टेबलावर फिरत राहतो. ‘या प्रकारची इतकी अपिलं इतक्या वर्षांपासून पडून आहेत’ असं म्हटलं की त्याला धार येते. हे माझं मत आहे, पण वरच्या यादीकडे पाहिलं तर फार चुकीचं नसावं.

२०२१च्या निकालात काय ठरलं?

‘लोक प्रहरी विरुद्ध भारत सरकार’ या प्रकरणात २० एप्रिल २०२१ रोजी सरन्यायाधीश शरद बोबडे, न्या. संजय किशन कौल आणि न्या. सूर्य कांत यांच्या पीठाने या झोपलेल्या तरतुदीला जागं केलं. ती केव्हा वापरायची याचे निकष दिले : मंजूर संख्येच्या २० टक्क्यांहून जास्त जागा रिकाम्या असणं, एखाद्या प्रकारची प्रकरणं पाच वर्षांहून जास्त पडून असणं, एकूण प्रलंबित कामातलं १० टक्क्यांहून जास्त काम पाच वर्षांपेक्षा जुनं असणं, दाखल होणाऱ्यांपेक्षा निकाली निघणाऱ्यांचं प्रमाण कमी असणं. आज जुनी प्रकरणं फार नसली, पण निकालांचा वेग वर्षभर किंवा त्याहून जास्त काळ दाखल होण्याच्या वेगामागे पडत असेल, तर तेही कारण धरलं.

एका न्यायालयात साधारण दोन ते पाच तदर्थ न्यायाधीश (‘अ‍ॅड हॉक’, म्हणजे असे ठरावीक मुदतीपुरते बोलावलेले), आणि मुदत साधारणपणे दोन ते तीन वर्षं. निवड शक्यतो वर्षभरात निवृत्त झालेल्या किंवा निवृत्तीच्या उंबरठ्यावर असलेल्या न्यायमूर्तींतून करावी, म्हणजे मुख्य न्यायमूर्तींना त्यांच्या कामाची प्रत्यक्ष ओळख असेल आणि त्यांचाही हात सुटलेला नसेल. यात तथ्य आहे. वकिलीतसुद्धा दोन वर्षं उलटतपासणी घेतली नाही, तर पहिल्या दिवशी जीभ अडखळते.

मुंबई उच्च न्यायालयाला हा हिशोब लावला तर?

मुंबईची मंजूर संख्या ९४. तिचे २० टक्के म्हणजे १८.८, थोडक्यात १९ जागा रिकाम्या झाल्या की २०२१चा पहिला निकष पूर्ण होतो (ही अट २०२५मध्ये सैल झाली, ते पुढे येईल). तदर्थ न्यायाधीश मिळणार दोन ते पाच. मुंबईचं मुख्य पीठ, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, गोवा आणि १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेलं कोल्हापूरचं सर्किट बेंच एवढ्या ठिकाणी हे पाच जण वाटायचे म्हटलं तर प्रत्येकी एक येतो. ‘निवृत्त न्यायमूर्ती आले की सगळा ढीग संपेल’ असं म्हणणाऱ्यांनी हे गणित एकदा कागदावर मांडून पाहावं. एखाद्याच पीठावरची एकाच प्रकारची जुनी अपिलं निवडली, तर मात्र हेच पाच जण पुरे पडतील.

रिकाम्या जागांवर नियमित नेमणुका करायच्या सोडून हा पर्याय कशाला?

हा आक्षेप बार असोसिएशनच्या खोलीत सर्वात जास्त ऐकू येतो, आणि तो रास्त आहे. कॉलेजियमने (नेमणुकांची शिफारस करणाऱ्या ज्येष्ठ न्यायमूर्तींच्या मंडळाने) नावं पाठवायची नाहीत, सरकारने पाठवलेली दाबून ठेवायची आणि मग निवृत्तांना हाक मारायची, असं झालं तर पंचेचाळिशीतल्या चांगल्या वकिलाने न्यायाधीश व्हायचं केव्हा?

२०२१च्या निकालात याची दखल आहे. २२४-क हा नियमित नेमणुकांना पर्याय नाही, असं न्यायालयाने स्पष्ट म्हटलं. रिकाम्या जागांपैकी २० टक्क्यांहून जास्त जागांसाठी शिफारशीच गेल्या नसतील, तर या तरतुदीकडे वळता येणार नाही, अशी अडसरही घातली. म्हणजे आधी स्वतःचं घर नीट करा, मग पाहुणे बोलवा. कागदावर ही अट उत्तम होती. प्रत्यक्षात न्यायालयं ‘जागा रिकाम्या हव्यात’ आणि ‘शिफारशीही गेलेल्या हव्यात’ या दोन अटींच्या कात्रीत सापडली आणि प्रस्ताव पुढे सरकेनात.

म्हणून २०२५मध्ये अटी सैल केल्या का?

हो. ३० जानेवारी २०२५ रोजी सरन्यायाधीश संजीव खन्ना, न्या. भूषण गवई आणि न्या. सूर्य कांत यांच्या पीठाने रिक्त पदांची २० टक्क्यांची अट तात्पुरती बाजूला ठेवली. प्रत्येक उच्च न्यायालयाला दोन ते पाच तदर्थ न्यायाधीश घेता येतील, मात्र मंजूर संख्येच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त नाहीत. त्यांनी विद्यमान न्यायमूर्तींच्या अध्यक्षतेखालच्या पीठात बसून प्रलंबित फौजदारी अपिलं ऐकावीत, असं त्या आदेशात होतं.

फौजदारी अपिलंच का, तर एकट्या अलाहाबाद उच्च न्यायालयात तेव्हा सुमारे ६३,००० फौजदारी अपिलं पडून असल्याचा आकडा समोर होता. शिवाय दिवाणी अपील रखडलं तर जमीन, पैसा अडकतो. फौजदारी अपील रखडलं तर माणूस अडकतो. जन्मठेपेविरुद्धचं अपील ऐकायला येईपर्यंत दहा-बारा वर्षं आत काढलेले आरोपी आपल्याकडे दुर्मिळ नाहीत. निर्दोष ठरला तर ती वर्षं त्याला कोण परत देणार?

या कामाचा पोतही निवृत्तांना मानवणारा आहे. अशा अपिलाचं पेपरबुक हातात घेऊन पाहा. चारशे-पाचशे पानं, साक्षीपुरावा, इन्क्वेस्ट पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, मुद्देमालाची यादी, कुठे मराठी, कुठे भाषांतर. नवख्या माणसाला त्यात वाट सापडायला दोन दिवस जातात. वीस वर्षं फौजदारी काम केलेला न्यायाधीश आधी फिर्याद दाखल झाल्याची वेळ पाहतो, मग प्रत्यक्षदर्शीचा जबाब कोणत्या तारखेला घेतला ते पाहतो, आणि तासाभरात वकिलाला नेमक्या पानावर आणून थांबवतो. पेन्शनीत काढायची ही कला नव्हे.

प्रस्ताव कोणाकोणाच्या टेबलावरून जातो?

मुख्य न्यायमूर्ती आधी संबंधितांची संमती घेतात. मग नाव आणि मुदत नमूद करून प्रस्ताव मुख्यमंत्र्यांकडे, तिथून राज्यपालांच्या सल्ल्यानंतर केंद्रीय विधी व न्याय मंत्र्यांकडे, सरन्यायाधीशांशी सल्लामसलत, पंतप्रधान आणि शेवटी राष्ट्रपतींची संमती. शिफारस कॉलेजियममार्फत व्हावी, असंही २०२१च्या निकालाने सांगितलं आणि ही प्रक्रिया तीन महिन्यांच्या आसपास आटोपावी अशी अपेक्षा धरली.

दोन वर्षांच्या कामासाठी एवढी प्रदक्षिणा! त्यातच सहा-आठ महिने गेले तर ज्यांनी उत्साहाने हो म्हटलं होतं त्यांनी दरम्यान दुसरं काम स्वीकारलेलं असतं.

मोबदला किती मिळतो?

त्या न्यायालयातल्या स्थायी न्यायाधीशाइतकं वेतन व भत्ते, त्यातून पेन्शन वजा. निवासस्थान किंवा घरभाडे भत्ताही मिळतो. खर्चाचा भार संचित निधीवर.

उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशाचं मूळ वेतन २०१६ पासून महिना २,२५,००० रुपये आहे, म्हणजे वर्षाला २७ लाख. पूर्ण मूळ पेन्शन वर्षाला साडेतेरा लाख. म्हणजे पुन्हा बसल्यामुळे मूळ वेतनात पडणारी भर वर्षाला साडेतेरा लाख, महागाई भत्ता वगैरे वेगळे. आता दुसऱ्या पारड्यात लवाद ठेवा. लवाद कायद्याच्या चौथ्या अनुसूचीत मोठ्या दाव्यासाठी लवादाच्या शुल्काची कमाल मर्यादा ३० लाख आहे. ती एका प्रकरणाची! वातानुकूलित सभागृह, सोयीच्या तारखा, आणि समोर फाटक्या पेपरबुकऐवजी टॅब लावलेल्या फाइली. कोणावर टीका करण्याचा हेतू नाही. पण संमती देणारे न्यायमूर्ती कमी का, असं विचारणाऱ्यांना आधी हे दोन आकडे शेजारी ठेवून दाखवावे लागतात.

लवादाचं काम सांभाळून तदर्थ न्यायाधीश होता येतं का? थोडक्यात, हे अर्धवेळ काम आहे का?

नाही. लोकांच्या मनात सर्वात जास्त गोंधळ इथेच आहे. तदर्थ न्यायाधीशाची मुदत मर्यादित असते, दिवस मर्यादित नसतो. सकाळी बोर्ड (त्या दिवशीच्या प्रकरणांची यादी) लागलं की ते नियमित न्यायमूर्तींसारखेच बसणार. त्या काळात सल्ला देणं, लवाद म्हणून काम करणं, कोणाची बाजू मांडणं असं कोणतंही कायद्याचं काम करायला मनाई आहे, हे २०२१च्या निकालातच म्हटलं आहे. आठवड्यातले दोन दिवस कोर्ट आणि उरलेले दिवस लवाद, अशी सोय २२४-क मध्ये नाही.

खऱ्या अर्थाने अर्धवेळ काम आहे ते जिल्हा पातळीवर.

मग अर्धवेळ कामाची संधी नेमकी कुठे?

पहिली जागा लोकअदालत. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ च्या कलम १९ मध्ये पॅनलवर कार्यरत किंवा निवृत्त न्यायिक अधिकारी बसू शकतात असं म्हटलं आहे. काम दिवसापुरतं, मोबदला मानधनाच्या स्वरूपात. नाव जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे द्यावं लागतं. बहुतेक ठिकाणी सचिव स्वतःच निवृत्तांच्या शोधात असतात, कारण राष्ट्रीय लोकअदालतीच्या दिवशी पॅनलं जास्त लागतात.

दुसरी स्थायी लोकअदालत. वीज, पाणी, टपाल, वाहतूक, विमा अशा लोकोपयोगी सेवांचे, एक कोटी रुपयांपर्यंतचे वाद तिथे जातात. अध्यक्ष जिल्हा न्यायाधीश किंवा अतिरिक्त जिल्हा न्यायाधीश असलेली किंवा राहिलेली, अथवा त्याहून वरच्या न्यायिक पदावरची व्यक्ती असते. इथे तडजोड फसली तर गुणदोषांवर निर्णयही देता येतो, हा साध्या लोकअदालतीपेक्षा मोठा फरक आहे.

तिसरी मध्यस्थी. चौथी विशेष न्यायदंडाधिकारी : पूर्वीच्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम १३, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ११. नेमणूक एका वेळी एक वर्षापर्यंत.

लोकअदालतीत निवृत्त न्यायाधीश असले तर फरक पडतो का?

मी पाहिलेला एक प्रसंग सांगतो. जिल्हा न्यायालयाच्या व्हरांड्यात मांडलेलं टेबल, हिरवं कापड, तीन खुर्च्या. मोटार अपघाताच्या भरपाईचं प्रकरण. विमा कंपनीचा अधिकारी एका आकड्यावर अडून बसला होता, मयताची बायको पदर हातात गुंडाळत गप्प. पॅनलवरच्या निवृत्त जिल्हा न्यायाधीशांनी दोन्ही वकिलांना वाद घालू दिला नाही. बोर्डाच्या कागदाची मागची बाजू घेतली, वय लिहिलं, पगार लिहिला, गुणक (वयानुसार पगाराला गुणायचा आकडा) लिहिला, खाली बेरीज केली आणि कागद अधिकाऱ्याकडे सरकवला. ‘मी बसलो असतो तर साधारण एवढा निकाल दिला असता. वर व्याज.’ अधिकाऱ्याने बाहेर जाऊन फोन केला. अर्ध्या तासात तडजोडीची पुरशीस (न्यायालयात द्यायचं लेखी निवेदन) टाइप झाली.

त्या टेबलावर न्यायाधीशाला निकाल लादण्याचा अधिकार नसतो. त्याच्याकडे असतो फक्त अंदाज, आणि तो समोरच्याला पटतो कारण या माणसाने असे शेकडो निकाल दिलेले आहेत. उलट अनुभवही आहे. एका ठिकाणी निवृत्त साहेबांनी जुन्या सवयीने पक्षकाराला ‘पुरावा काय तुझ्याकडे?’ असं दरडावलं. तो माणूस घाबरून निघूनच गेला. खुर्ची बदलली की आवाजही बदलावा लागतो, आणि सगळ्यांना ते जमत नाही.

तडजोड झाली की तिचा निवाडा दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्यासारखा अंमलात येतो, त्यावर अपील नाही, आणि न्यायालयात प्रलंबित दाव्यात भरलेलं कोर्ट फी परत मिळतं.

जलदगती न्यायालयांत निवृत्त न्यायाधीश होते ना?

होते. अकराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीवरून १,७३४ जलदगती न्यायालयांसाठी ५०२.९० कोटी रुपयांची योजना आली. २००२मध्ये ‘ब्रिज मोहन लाल’ प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने नेमणुकांचा क्रम सांगितला : आधी पात्र न्यायिक अधिकाऱ्यांना तदर्थ बढती, मग चांगली सेवा बजावलेले निवृत्त न्यायाधीश, मग थेट बारमधून. केंद्राचा निधी मार्च २०११ अखेर थांबला आणि पुढचा भार राज्यांवर आला.

अमेरिकेतल्या राज्यांत ही पद्धत रुळलेली आहे म्हणतात. आपल्यापेक्षा वेगळं काय आहे?

तिथे अर्धवेळ म्हणजे खरंच अर्धवेळ. आयोवा राज्यात ‘सीनियर जज’ व्हायचं असेल तर वर्षाला १३ आठवडे काम करायची तयारी लेखी द्यावी लागते. न्यूयॉर्कमध्ये ७०व्या वर्षी निवृत्ती, पण तिथल्या सुप्रीम कोर्टाच्या न्यायाधीशांना प्रमाणपत्र मिळालं तर दोन-दोन वर्षांच्या तीन मुदती, म्हणजे ७६ पर्यंत. (न्यूयॉर्कमध्ये ‘सुप्रीम कोर्ट’ हे खटला चालवणारं न्यायालय आहे, सर्वोच्च नव्हे. नाव वाचून भले भले फसतात.)

पण तिथेही गाडी पैशांपाशी अडते. २०२०मध्ये साथीच्या काळात अंदाजपत्रकाला कात्री लागली आणि न्यूयॉर्कमध्ये मुदतवाढ मागणाऱ्या ४९ पैकी ४६ न्यायाधीशांना नकार मिळाला.

माझं अपील बारा वर्षांपासून पडून आहे. ते तदर्थ न्यायाधीशांपुढे लावा, असा अर्ज देता येईल का?

अमुक न्यायाधीशांपुढेच लावा, असं पक्षकाराला मागता येत नाही. कोणतं काम कोणाकडे, हे मुख्य न्यायमूर्ती ठरवतात. लवकर सुनावणीची मागणी मात्र नक्की करता येते. वकिलांना प्रीसाइप (प्रकरण बोर्डावर घेण्याची लेखी विनंती) द्यायला सांगा, त्यात अपिलाचं वर्ष, आरोपी आत असेल तर किती वर्षं आत आहे आणि त्याचं किंवा पक्षकाराचं वय ठळक लिहा. पेपरबुक तयार आहे की नाही तेही आधी तपासून घ्या. पीठ उपलब्ध आहे आणि पेपरबुकच अपुरं, म्हणून प्रकरण बोर्डावरून खाली गेल्याचं मी स्वतः अनुभवलं आहे.

त्यांचा निकाल कमी दर्जाचा मानला जातो का?

नाही. तो उच्च न्यायालयाचाच निकाल. सर्वोच्च न्यायालयात आव्हान देण्याची रीतही तीच.

तदर्थ न्यायाधीश होण्यासाठी कमाल वय किती?

अनुच्छेदात वयाची मर्यादा घातलेली नाही. वर्षभरात निवृत्त झालेल्यांना प्राधान्य आणि दोन-तीन वर्षांची मुदत धरली तर माणूस साधारण ६५-६६ पर्यंत बसेल.

कोर्टात त्यांना हाक कशी मारायची?

बाकीच्या न्यायमूर्तींना मारता तशीच. अर्जावर, कागदपत्रांत ‘माजी न्यायमूर्ती’ लिहून पाठवणारे काही जण भेटतात. तसं करू नका. ते त्या दिवशी माजी नसतात.